शंका कुणाची, फायदा कुणाचा

पत्र

मी एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मोठा भाऊ वंचितांच्या हक्कांसाठी एका संघटनेत काम करतो. मला शिकता यावं म्हणून त्याने स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. मध्यंतरी त्याच्या संघटनेच्या बैठकीत मुलांच्या लसीकरणाचा विषय निघाला. काही कुटुंबांनी लस द्यायला नकार दिला होता. मी म्हणाले, हा निव्वळ अडाणीपणा आहे. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझं विज्ञान कायम सत्तेच्या बाजूने असतं. ज्यांच्या अंगावर प्रयोग झाले त्यांना शहाणपण शिकवू नकोस." तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. आता त्याच संघटनेने मला लसीवर बोलायला बोलावलं आहे. जाऊ का? गेले तर काय बोलू? आणि विज्ञानाला विरोध करणं ही खरंच अन्यायाविरुद्धची भूमिका असू शकते का?

– दोन्हीकडे परकी

उत्तर

जा. आणि बोलायला उभ्या राहिलात की सगळ्यात आधी 'अडाणीपणा' हा शब्द मागे घ्या. लसीबद्दलचं तुमचं मत बरोबर आहे, त्यावरून तसूभरही हलू नका. पण तो शब्द उद्धट तर होताच, शिवाय निदान म्हणूनही चुकीचा होता. एखाद्याला माहिती नसेल तर ती दिली की काम भागतं. पण ज्याच्या गाठीशी नको तेवढे अनुभव आहेत त्याच्यापुढे तुम्ही माहितीपत्रक वाचायला लागलात, तर तो उठून जाणारच.

भावाचं प्रयोगांबद्दलचं वाक्य टाळ्यांसाठी टाकलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मेकन काउंटीत, १९३२ साली सरकारच्याच सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं आणि उपचार चालू असल्याचं भासवलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे या आजारावरचं नेहमीचं औषध झालं, तरी या माणसांपर्यंत ते पोहोचू दिलं नाही. उपचाराविना आजार शेवटपर्यंत कसा वाढत जातो हे पाहायचं होतं ना! तिथल्या टस्कीगी गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास १९७२ पर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षं चालला.

यातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे हा काही लपवलेला कट नव्हता. १९३६ पासून त्यावरचे शोधनिबंध वैद्यकीय नियतकालिकांत रीतसर छापून येत होते. डॉक्टर ते वाचत होते, पान उलटत होते. पीटर बक्स्टन नावाचा त्याच सेवेतला एक तरुण कर्मचारी १९६६ पासून वरिष्ठांकडे तक्रार करत होता. त्याला समजावून वाटेला लावण्यात आलं. शेवटी त्याने कागद एका पत्रकाराच्या हाती दिले, बातमी फुटली आणि मग काही महिन्यांत सगळं थांबलं. राष्ट्राध्यक्षांची जाहीर माफी यायला १९९७ साल उजाडलं. आता सांगा, यानंतर त्या समाजातला एखादा माणूस सरकारी सुई पाहून हात मागे घेत असेल, तर त्याला काय म्हणाल? आधीच्या निरीक्षणांवरून पुढचा अंदाज बांधणं हेच तुम्हीही प्रयोगशाळेत दिवसभर करता.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणायचीही सोय नाही. बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असूनही यंत्र 'ठीक आहे' दाखवतं, असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. ते यंत्र बनवताना कुणाच्या मनात द्वेष नसेलही. पण ते ज्यांच्या बोटांवर पारखलं गेलं ती बोटं बहुतांशी उजळ कातडीची होती. साथीच्या दिवसांत कुणाला खाट द्यायची आणि कुणाला घरी पाठवायचं हे त्या आकड्यावर ठरत होतं.

इथे भावाचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. विज्ञान हवेत तरंगत नाही, ते संस्थांमधून चालतं. कुठल्या प्रश्नाला अनुदान मिळेल, नमुना म्हणून कुणाचं शरीर घेतलं जाईल, कुणाच्या तक्रारीची नोंद होईल आणि कुणाची तक्रार 'असं वाटतं काहींना' म्हणून बाजूला सारली जाईल, हे तिथे ज्यांची खुर्ची आहे ते ठरवतात. खुर्च्या कुणाच्या आहेत हे तुम्ही रोज पाहताच.

पण त्याच्या 'कायम' या शब्दापाशी मी अडते. त्यासाठी त्याला मिनामाताची गोष्ट सांगा. ती जरा सावकाश सांगा.

जपानच्या क्युशू बेटावर मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथला चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना आपलं सांडपाणी समुद्रात सोडत होता. आधी मांजरांना झटके यायला लागले, मग माणसांना. हातपाय थरथरायचे, नजर आकसायची, बोलणं लटपटायचं. मे १९५६ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मेंदूचा अनोळखी आजार म्हणून त्याची सरकारदरबारी नोंद केली. आजारी पडलेली बहुतेक घरं मच्छीमारांची होती, कारण दोन्ही वेळा त्यांच्या पानात खाडीतला मासाच असायचा. आजार संसर्गजन्य असेल या भीतीने शेजाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. ज्यांना विष पाजलं गेलं, तोंडही त्यांनाच लपवावं लागत होतं.

जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे, म्हणजे पाऱ्याच्या विषारी संयुगाकडे, बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न एका मांजराला खाऊ घातलं. नोंदवहीत त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरमध्ये मांजर त्याच आजाराने पडलं. कंपनीच्या वरिष्ठांनी निष्कर्ष दाबून ठेवला आणि प्रयोग थांबवायला लावले. बाहेर मात्र पर्यायी सिद्धान्तांचा पूर आला. युद्धानंतर समुद्रात टाकलेला दारूगोळा कारणीभूत असावा, असं रसायन उद्योगाच्या संघटनेकडून सांगण्यात आलं. मासे सडल्यावर तयार होणारी अमाइन्स नावाची रसायनं कारणीभूत असावीत, असं राजधानीतल्या एका नामवंत संस्थेचे प्राध्यापक म्हणाले. डिसेंबरात कंपनीने रुग्णांशी करार केला: ही घ्या सहानुभूतीची रक्कम, आणि पुढे दोष कारखान्याचाच ठरला तरी जास्त मागायचं नाही. हातघाईला आलेल्या लोकांनी सह्या केल्या. पाऱ्याचं पाणी १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिलं आणि सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं तेही त्याच वर्षी. होसोकावांनी मांजर क्रमांक ४०० ची हकीकत न्यायालयापुढे सांगितली ती १९७० साली, रुग्णालयातल्या खाटेवरून. १९७३ मध्ये निकाल रुग्णांच्या बाजूने लागला आणि तो जुना करार न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

या गोष्टीत विज्ञानाला विरोध कुणी केला? मच्छीमारांनी तर नाहीच. त्यांना हवी होती ती कारणमीमांसाच. विरोध केला कारखान्याने, आणि तो करताना 'आमचा विज्ञानावर विश्वास नाही' असं तो एकदाही म्हणाला नाही. उलट, अजून संशोधन व्हायला हवं, अजून सिद्ध झालेलं नाही, घाईने निष्कर्ष काढू नका, असंच म्हणत राहिला. कुठल्याही प्रयोगशाळेत शोभतील अशी ही वाक्यं आहेत, म्हणून तर ती खपतात. पुढारलेल्या माणसाने पांढरा कोट घालून केलेला विरोध आपल्याला विरोध वाटतच नाही. आईने दारातून परिचारिकेला परत पाठवलं की मात्र लगेच 'विज्ञानविरोधी' हा शिक्का बाहेर निघतो. बैठकीत तुमच्याकडून तेच झालं.

तंबाखू कंपन्यांची कथा तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगते. सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास पुढे आल्यावर अमेरिकेतल्या कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये ४०० हून अधिक वृत्तपत्रांत जाहिरात दिली. ग्राहकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं आहे आणि संशोधनाला आम्ही पैसा देऊ, असा तिचा सूर होता. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात मात्र 'शंका हेच आमचं उत्पादन आहे' असं स्पष्ट लिहिलेलं पुढे सापडलं. संशोधनाला दिलेला पैसा हाच संशोधन लांबवण्याचा मार्ग होता. तुमच्या संस्थेतल्या नव्या मुलांना संख्याशास्त्राच्या आधी हे टिपण वाचायला द्यावं, असं मला फार वाटतं. असो.

म्हणजे विरोध दोन जागांवरून येतो. एक खालून, पोळलेल्या माणसाकडून. दुसरा वरून, ज्याचा नफा किंवा अधिकार धोक्यात आला आहे त्याच्याकडून. पण एवढ्यावर थांबून 'खालचा तो भला, वरचा तो वाईट' असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण वरची शंका खालच्या जखमेत शिरते.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सोमालियातून निर्वासित म्हणून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. २००४ साली तिथल्या सोमाली वंशाच्या दोन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९२ टक्क्यांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस मिळालेली होती. पुढे आई-वडिलांना वाटायला लागलं की आपल्या मुलांमध्ये ऑटिझम फारच दिसतो आहे. त्यांनी विचारलं, पण समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही. प्रश्न रास्त होता, विचारणारे मात्र स्थलांतरित, भाषेने आणि वर्णाने परके. त्या पोकळीत लसविरोधी मंडळी शिरली. त्यांत अँड्र्यू वेकफील्डही होता. या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा त्याचा १९९८ चा शोधनिबंध अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. लसउत्पादकांवर दावे लावणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतल्याचं नंतर उघड झालं. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि त्याचा वैद्यकीय परवानाही गेला. असा माणूस त्या पालकांना भेटला, त्यांचं ऐकून घेतलं. बाकी कुणी ऐकत नव्हतं, म्हणून त्याचं खरं वाटलं. २०१४ पर्यंत लसीकरण ४२ टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. २०१७ मध्ये गोवराची साथ आली, ७५ जणांना लागण झाली आणि त्यांत बहुतेक सोमाली कुटुंबांतली मुलं होती.

इथे दोष कुणाचा? शंका विकणाऱ्याचा, उघडच आहे. पण जिथे पालकांनी आधी दार ठोठावलं होतं त्या कचेरीचाही आहे. आजारी मात्र पडली ती मुलं. अन्यायाविरुद्ध म्हणून लस नाकारली, तरी व्याधी अन्याय करणाऱ्याच्या घरी जात नाही. भावाला हे ऐकवताना आवाज चढवू नका, पण ऐकवाच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, म्हणजे विज्ञानाला विरोध ही अन्यायाविरुद्धची भूमिका असू शकते का याचं, माझ्या माहितीतलं सगळ्यात कडू उत्तर दक्षिण आफ्रिकेत आहे. १९९९ साली थाबो एम्बेकी राष्ट्राध्यक्ष झाले. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध उभं आयुष्य घालवलेला माणूस. आफ्रिकी माणसाला रोगाचा वाहक आणि वासनेचा गुलाम समजणाऱ्या गोऱ्या वैद्यकाबद्दलचा त्यांचा राग खरा होता. त्या समजाचा इतिहास शतकांचा आहे. औषध कंपन्यांबद्दलचा संशयही निराधार नव्हता. १९९८ मध्ये स्वस्त औषधांसाठीच्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी त्यांच्याच पक्षाच्या सरकारला न्यायालयात खेचलं होतं. पण या रागातून एम्बेकी अशा माणसांकडे वळले, जे म्हणत होते की एड्स एचआयव्हीमुळे होतच नाही. सरकारी रुग्णालयांतून औषध मिळेना. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट खायला सांगत. हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे हिशेब मांडला की, २००० ते २००५ या काळात या धोरणामुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक लोक अकाली गेले. त्यांत सर्वाधिक कोण होते हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या नावाने राग धरला, तेच.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तुमच्या भावाला बहुधा जास्त आवडेल. त्याच देशात १९९८ च्या अखेरीस 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही संघटना उभी राहिली. बहुतेक कार्यकर्ते स्वतः एचआयव्हीसह जगणारे, बरेचसे गरीब वस्त्यांतले. ते कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि २००१ मध्ये त्या ३९ कंपन्यांना खटला मागे घ्यावा लागला. मग हीच माणसं आपल्याच सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारं नेव्हिरापिन हे औषध सरकारी रुग्णालयांतून द्या, असा आदेश जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयाकडून त्यांनी मिळवला. त्यांचे नेते झॅकी अकमत स्वतः बाधित होते. सामान्य रुग्णाला औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं औषध घेतलं नव्हतं.

या संघटनेचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम मोर्चाचं नाही, वर्गांचं आहे. विषाणू शरीरात काय करतो, औषध नेमकं कुठे अडवतं, दुष्परिणाम कोणते, रक्तचाचणीतला आकडा कसा वाचायचा, हे त्यांनी वस्त्यावस्त्यांत शिकवलं. शाळा सोडलेल्या बायका डॉक्टरला प्रश्न विचारायला लागल्या. सत्तेविरुद्ध लढण्यासाठी त्यांना विज्ञान सोडावं लागलं नाही. त्यांनी ते आपल्या ताब्यात घेतलं.

आणि कुणी म्हणालं की लोकांच्या बाजूचं सरकार आलं की लोकांच्या बाजूचं विज्ञान आपोआप येतं, तर एक नाव पुरेसं आहे: लिसेन्को, जनुकशास्त्र नाकारणारा, स्टालिनच्या मर्जीतला कृषितज्ज्ञ. सोव्हिएत संघात १९४८ साली कष्टकऱ्यांच्या नावाने जनुकशास्त्रावरच बंदी आली. दुष्काळाशी लढण्यासाठी जगभरातून बियाणी गोळा करणारे शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह या बंदीच्या पाच वर्षं आधीच सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेले होते.

आता बैठकीचं. तिथे कुणी हरकत घेतली की ती खरी की खोटी हे लगेच ठरवू नका. मनात एवढंच विचारा: काय मिळालं तर ही हरकत मिटेल? मच्छीमारांची हरकत कारण कळल्यावर आणि पाणी थांबल्यावर मिटणारी होती. सोमाली आईला तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर हवं होतं. तंबाखू कंपनीची हरकत कुठल्याही पुराव्याने मिटणारी नव्हती, कारण न मिटणं हाच तिचा उपयोग होता. पहिल्या प्रकारच्या हरकतीसाठी वेळ राखून ठेवा. दुसऱ्या प्रकारची तिथे कुणी पसरवत असेल तर त्याला नावानिशी विचारा की ही माहिती कुठून आली आणि ती देणाऱ्याला यातून काय मिळतं. लोकांना हा प्रश्न चांगला कळतो, आपल्यापेक्षाही चांगला.

नकार देणाऱ्या कुटुंबांशी आधी वेगवेगळं बोला. सगळ्यांच्या नकाराचं कारण एकच असेल असं मानू नका. लसीनंतर मूल तापलं तर मजुरी बुडवून घरी कोण थांबणार, ही अडचण कागदावर 'नकार' म्हणूनच उमटते. मागच्या खेपेला केंद्रावर कुणीतरी तोडून बोललं होतं, हेही कारण असू शकतं. अशा ठिकाणी विषाणूशास्त्राचं व्याख्यान म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कुणीतरी नक्की म्हणेल की लसीकरणाच्या नावाखाली हेरगिरी होते. हसू नका. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने पाकिस्तानात अबोटाबादला खरंच हेपेटायटिस बीच्या लसीकरणाची मोहीम आड घेतली होती. त्यानंतर लस टोचणाऱ्यांवरचा संशय वाढला आणि लसीकरण मोहिमांतल्या लोकांचे जीवही गेले. असं पुन्हा करणार नाही, अशी हमी अमेरिकेला २०१४ मध्ये द्यावी लागली. हे तुम्हीच आधी सांगा. सगळं सांगणाऱ्या माणसाचं पुढचं वाक्यही ऐकलं जातं, आणि ते वाक्य असं असू द्या की गोवराला या राजकारणाशी देणंघेणं नाही. लसीचे दुष्परिणामही लपवू नका. ताप किती जणांना येतो, गंभीर त्रास किती क्वचित होतो, झाला तर कुठे जायचं आणि तक्रार कुणाकडे करायची, हे कागदावर लिहून न्या.

औषध कोण घेऊन येतं याने फार फरक पडतो, याचं उदाहरण आपल्याला परक्या देशात शोधायची गरज नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरोघर झडती घ्यायला शिपाई शिरत होते, तेव्हा लोक रोगी लपवत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात स्वतः रोगी आणत होत्या आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. वैद्यक तेच, पण एकीकडे बंदूक दारात होती आणि दुसरीकडे ओळखीचं माणूस.

आता तुमच्या संस्थेबद्दल. तुम्ही तिच्या वकील नाही. घराण्यातली पहिली मुलगी आत आली की संस्थेला तिला ढालीसारखं पुढे करायचा मोह होतो: बघा, यांच्यातलीही आहे आमच्याकडे. ती जागा घेऊ नका. त्याऐवजी छोटे, कंटाळवाणे प्रश्न विचारत राहा. संमतीपत्र सही करणाऱ्याच्या भाषेत आहे का, नैतिकता समितीवर ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांच्यातलं कुणी आहे का, निष्कर्ष त्यांना परत जाऊन कुणी सांगतं का. पण पदवी हातात नसताना एकटीने झेंडा घेऊन उभं राहायचीही गरज नाही. बक्स्टनलाही सहा वर्षं लागली आणि होसोकावांना त्याहून जास्त. आधी दोन-तीन समविचारी माणसं गाठा, मार्गदर्शक कितपत पाठीशी उभे राहतील याचा अंदाज घ्या, आणि प्रश्न लेखी विचारा म्हणजे उत्तरही लेखी येईल.

राहिला अबोला. तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय: तुम्हाला शिकता यावं म्हणून त्याने शिक्षण सोडलं. तो ज्यांच्यात वावरतो त्यांना, त्याच्यादेखत, शिकलेल्या बहिणीने अडाणी म्हटलं. विज्ञान आणि सत्तेचा वाद त्याच्या तोंडून आला हे खरं, पण मला वाटतं लागलं ते दुसरंच. बैठकीच्या आधी त्याच्याकडे जा आणि टस्कीगी, मिनामाता वगैरे काही काढू नका. त्या शब्दाबद्दल बोला. तो काय म्हणतो ते मध्ये न बोलता ऐका.

मग त्याला बैठकीत तुमच्याबरोबर बोलायला सांगा. अन्यायाचा इतिहास त्याने मांडावा, त्याचा तो हक्क आहे आणि तुमच्यापेक्षा तो ते चांगलं करेल. लस तुम्ही मांडा. दोघांचं पटत नसेल तिथे लोकांसमोर पटत नाही असं म्हणा, त्याने काही बिघडत नाही. निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा. ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवा, उत्तर कधी आणून देणार ती तारीख तिथेच सांगा, आणि लसीकरण केंद्रावरच्या डॉक्टरांना जमत असेल तर त्या दिवशी त्यांनाही बरोबर घेऊन जा.